बंद पडली, की बंद पाडली?



आज आम्ही पगाराचे आकडे घेऊन उभे नाही आणि मागण्यांची यादीही वाचणार नाही. आज बोलायचे आहे ते एका कान्याबद्दल. काना म्हणजे अक्षरापुढे ओढलेली ती उभी रेघ, शाळेत गुरुजींनी छडी दाखवून गिरवून घेतलेली. एवढीशी रेघ, तिचे काय मोठे व्याख्यान, असे तुम्ही म्हणाल. पण 'पडली' आणि 'पाडली' या दोन शब्दांत फरक आहे तो तेवढ्याच रेघेचा, आणि त्या रेघेपायी किती चुली थंड झाल्या याचा हिशोब अजून कोणी केलेला नाही.

मुंबईत आज कोणालाही विचारा, "गिरण्यांचं काय झालं हो?" लगेच उत्तर येते, "बंद पडल्या." टॅक्सीवाला तेच सांगतो, वर्तमानपत्र तेच छापते आणि ज्याने तीस वर्षे साच्यावर उभे राहून काढली तो आजोबाही नातवाला तेच सांगतो. पाऊस पडतो, थंडी पडते, दरड पडते, तशी गिरणी बंद पडली! पावसाला कोणी जाब विचारीत नाही. दरडीवर कोणी मोर्चा नेत नाही. "नशीब आपलं," म्हणायचे आणि गावची एस. टी. धरायची.

आता एक काना लावून बघा. "गिरणी बंद पाडली." लावलात? आता गप्प बसून दाखवा! बसवत नाही. कारण शब्द तोंडातून निघण्याआधीच पुढचा प्रश्न जिभेवर येतो: कोणी पाडली? कधी? कोणाच्या लाभासाठी? हे प्रश्न पहिल्या शब्दाने झोपवून ठेवले होते, दुसऱ्याने त्यांना जागे केले. आमचे सांगणे एवढेच आहे. आपण जो शब्द उचलतो, तो आपल्याला काही प्रश्न विचारू देतो आणि काही विचारू देत नाही. म्हणून शब्द उचलताना बाजारात मडके घेतो तसा वाजवून घ्यावा.

कोणी म्हणेल, "हे पंडितांचे काम. आमच्यापुढे पोटाचा प्रश्न आहे." बंधूंनो, पोटाचा आहे म्हणूनच सांगतो. मालकाचा वकील करारातल्या एका शब्दासाठी पुन्हा पुन्हा तारखा मागून घेतो, त्याची फी घेतो आणि मालक ती आनंदाने देतो. शब्द फुकटचा असता तर व्यापारी माणसाने त्यावर पैसा घातला असता काय?

कर्ता कोठे पळाला?

शाळेतले व्याकरण आठवा: कर्ता, कर्म, क्रियापद. काम करणारा तो कर्ता. आपली मराठी मोठी मजेची भाषा आहे. तिच्यात प्रत्येक गोष्ट दोन तऱ्हांनी सांगता येते. फुटणे आणि फोडणे. तुटणे आणि तोडणे. मरणे आणि मारणे. चढणे आणि चढवणे. पहिल्या तऱ्हेत गोष्ट आपोआप घडते, दुसरीत ती कोणीतरी करतो.

आता आपले रोजचे बोलणे ऐका. "संप फुटला." आपोआप फुटला, की कोणी फोडला? "तेलाचे भाव चढले." भावाला पाय असतात काय? "माझी नोकरी गेली." कोठे गेली, जत्रेला? आणि सर्वांत भयंकर म्हणजे, "यंत्रात बोट गेलं." जणू बोटच चालत चालत दात्यांमध्ये शिरले! १९४८ च्या कारखाना कायद्याने यंत्राच्या धोक्याच्या भागाला आडोसा घालण्याची सक्ती केली होती. तो आडोसा होता काय, असल्यास कोणी काढला, काढलेला परत का बसवला नाही, यांतले काहीही "बोट गेलं" या दोन शब्दांत मावत नाही. बोट गेले आणि प्रश्नही गेले.

ही झाली आपली बोलभाषा. नोटीस बोर्डावरची भाषा तर याहून पक्की. "कळविण्यात येते की, पुढील कामगारांना कमी करण्यात येत आहे." कमी करण्यात येत आहे! कोण करीत आहे? वाक्य शेवटपर्यंत वाचा, उलटे वाचा, कागद उजेडाला धरून बघा, कर्ता सापडणार नाही. ज्याने सही केली त्याचेही नाव वाक्यात नाही. ते खाली कोपऱ्यात आहे, तेही वाचता न येणारे.

यावर काही लोकांनी प्रयोग करून पाहिला आहे. अमेरिकेतल्या दोन संशोधक बायांनी २०१० साली तो प्रसिद्ध केला. एका खाणावळीत एका बाईच्या हातून मेणबत्ती कलंडते, कापड पेटते, नुकसान होते. ही हकीगत त्यांनी काही लोकांना "तिने मेणबत्ती पाडली" अशा तऱ्हेच्या शब्दांत वाचायला दिली आणि काहींना "मेणबत्ती पडली" अशा तऱ्हेच्या. घटना तीच, नुकसान तेच. मग विचारले, या बाईकडून भरपाई किती घ्यावी? ज्यांनी 'पाडली' वाचले त्यांनी जास्त रक्कम सांगितली. ज्यांनी 'पडली' वाचले त्यांनी कमी. पाहिलेत? वाक्यातून कर्ता गेला की हिशोबातून पैसा जातो. हे तर शहाण्यासुरत्या, शिकल्यासवरल्या लोकांचे झाले.

पण न्यायाने बोलू. प्रत्येक 'पडली' खोटी असते असे आमचे म्हणणे नाही. खरोखर पडणाऱ्या गोष्टीही जगात आहेत. मुंबईच्या गिरण्यांचेच घ्या. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. संप लांबत गेला आणि माणसे खचली. पण त्याच्याही आधीपासून यंत्रमागांचे स्वस्त कापड बाजारात येत होते. कित्येक गिरण्यांत यंत्रे जुनाट झाली होती आणि नफा नव्या यंत्रांत घातला जात नव्हता. सरकारची धोरणे होती, आणि शहराच्या पोटातल्या जमिनीचा भाव कापडाच्या नफ्याला मागे टाकू लागला होता. यांतले कोणते कारण किती, यावर वाद घालता येईल आणि घालावाच. पण वाद घालायला आधी प्रश्न जिवंत हवा. "संपामुळे गिरण्या बंद पडल्या" या वाक्यात संप तेवढा दिसतो, बाकी सगळे अंधारात. वड्याचे तेल वांग्यावर निघते ते असे. 'आजारी गिरणी' हाही तसाच शब्द. १९७२ आणि १९७४ साली कायदे करून सरकारने ज्या गिरण्या ताब्यात घेतल्या त्यांना कायद्यानेच आजारी म्हटले. आजार म्हटला की कीव येते, औषध येते. रोग्याला उपाशी कोणी ठेवले, हे मात्र कोणी विचारीत नाही.

रिकामे पीप आणि रिकामी जमीन

आता तुम्हाला एका विमा कंपनीच्या माणसाची गोष्ट सांगतो. त्याचे नाव बेंजामिन ली व्होर्फ. अमेरिकेत हार्टफर्ड शहरी आगीच्या विम्याच्या कंपनीत तो नोकरीला होता. कारखान्यात आग का लागते, ती कशी टाळावी, हे बघणे त्याचे काम. फावल्या वेळात भाषांचा अभ्यास करी आणि त्यातच मोठे नाव मिळवून १९४१ साली तो वारला.

या माणसाला एक गोष्ट दिसली. पेट्रोलने भरलेली पिंपे जिथे ठेवलेली असत तिथे कामगार जपून वागत, विडी-काडी पेटवीत नसत. पण जिथे 'रिकामी' पिंपे असत तिथे बिनधास्त सिगारेट ओढीत आणि थोटके टाकीत. पीप रिकामे आहे, मग भीती कसली? वास्तविक धोका तिथेच जास्त, कारण रिकाम्या पिंपात पेट्रोलची वाफ भरलेली असते आणि ठिणगी पडली की तिचा भडका उडतो. डोळ्यांपुढे पीप होते, पण कामगार वागले ते 'रिकामे' या शब्दाप्रमाणे. शब्दाने सांगितले, 'यात काही नाही,' आणि हात काडेपेटीकडे गेला.

शब्द माणसाला कायमचे कैद करतो असे आज जाणते लोक मानीत नाहीत. माणूस थांबून विचार करू लागला तर शब्दाच्या पलीकडे बघू शकतो. पण घाईत, सवयीने, पाळी सुटायच्या वेळेला थांबतो कोण? शब्द ढकलतो तिकडे आपण जातो. व्होर्फचे हे पीप ध्यानात ठेवा, कारण नेमके याच शब्दाने गिरणगावात आपले काय केले ते आता सांगायचे आहे.

मुंबईच्या गिरण्यांची जमीन सुमारे ६०० एकर. १९९१ साली शहराच्या विकास नियमावलीत ५८ क्रमांकाचा नियम आला. गिरणीच्या जागेवर नवी बांधकामे करायची तर त्या जागेचे ढोबळमानाने तीन वाटे करायचे: एक महापालिकेला बागा-मैदानांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी आणि एक मालकाला. २००१ साली नियम दुरुस्त झाला. वाटे कायम राहिले. फक्त वाटे कशाचे करायचे तो शब्द बदलला. आता सगळ्या जमिनीचे नव्हे, तर केवळ 'मोकळ्या' जमिनीचे वाटे.

तुम्ही गिरणीत उभी हयात काढलीत. तुम्हीच सांगा, गिरणीच्या आवारात मोकळी जमीन असते किती? इकडे रिंगखाते, तिकडे साळखाते, पलीकडे गोदाम, बॉयलर, चिमणी. गाठी उतरवायला आणि गाडी वळवायला ठेवलेली जागा, तेवढीच काय ती मोकळी. आणि शेड पाडल्यावर जी जागा मोकळी होईल ती? ती या हिशोबात 'मोकळी' नव्हेच! प्रकरण न्यायालयात गेले. ऑक्टोबर २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या शब्दाचा अर्थ रुंद केला, आणि मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवून दुरुस्ती कायम केली. एका शब्दाचा अर्थ अरुंद झाला आणि बागांचे, मैदानांचे, घरांचे वाटे आटले. कामगारांची घरे म्हाडाच्याच वाट्यातून उभी राहायची होती. वाटाच आटला, तर घरे वाढणार कोठून?

आणि त्याच वेळी आपल्या चाळीत काय बोलले जात होते? "गिरणी गेल्यापासून घरी रिकामाच बसलाय." ज्या माणसाला नुसत्या आवाजावरून साच्याचे दुखणे कळे, तो रिकामा! ज्या बाईच्या बोटांत तीस वर्षांचे वायडिंग खाते आहे, ती रिकामी! जमीन भरलेली असताना वाट्यापुरती मोकळी नाही ठरली, आणि भरलेला माणूस मात्र रिकामा ठरला.

पोस्त, की आपलाच पगार?

आता जरा चांगली गोष्ट सांगतो, कारण शब्द जसा लुटतो तसा मिळवूनही देतो.

पहिल्या महायुद्धात महागाई भडकली तेव्हा मुंबईच्या गिरणी मालकांनी कामगारांना पगाराखेरीज काही रक्कम देणे सुरू केले. तिला नाव दिले बोनस. युद्धानंतरही काही वर्षे तो मिळाला आणि १९२३ चा मिळेना. म्हणून १९२४ च्या जानेवारीत सगळ्या गिरण्यांत संप झाला. चौकशीला समिती नेमली गेली, तिचे अध्यक्ष मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश मॅक्लाउड. समितीने सांगितले की, कामगारांना बोनस हक्काने मागता येत नाही. का? तर ती मालकांची खुशी. दिवाळीला पोस्टमनला पोस्त देतो, तशातला प्रकार. पोस्त नाही मिळाली म्हणून कोणी कोर्टात जातो काय?

मग कामगारांनी काय केले? त्यांनी दुसरा शब्द धरला. ते म्हणाले, ही पोस्त नव्हे, हा आमचाच पगार आहे. जगायला लागतो तेवढा पगार तुम्ही वर्षभर दिला नाहीत, तो मागे ठेवलात, आणि आता वर्षाच्या शेवटी त्यातला थोडा देत आहात. नोटा त्याच, पेढीवरचा कारकून तोच. पण पोस्त घेताना माणूस वाकतो आणि मागे ठेवलेला पगार घेताना मोजून घेतो.

हा शब्द सभांतून बोलला गेला, पत्रकांतून छापला गेला आणि लवादापुढे पुन्हा पुन्हा मांडला गेला. १९५० साली मुंबईच्याच गिरणी मालकांच्या खटल्यात लेबर अपेलेट ट्रायब्युनलने मान्य केले की, बोनस ही आता मेहेरबानी राहिलेली नाही, आणि तो मोजण्याचे सूत्र घालून दिले. १९६५ साली बोनसचा कायदा झाला. कमीत कमी ४ टक्के, आणि कंपनी तोट्यात असली तरीही. पुढच्या दशकात किमान दर ८.३३ टक्के झाला. ८.३३ म्हणजे शंभराचा बारावा भाग, वर्षाकाठी एका महिन्याचा पगार. शब्द बदलल्याने हे आपोआप झाले असे समजू नका. त्यासाठी संप झाले, लाठ्या खाल्ल्या गेल्या, घरातली भांडी गहाण पडली. पण नुसती पोस्त मागायला एवढा लढा कोणी दिला असता काय? लढा उभा राहिला, कारण आधी शब्द ताठ उभा राहिला होता.

धोटा एक, शब्द दोन

मालकाच्या शब्दांवर बोट ठेवणे सोपे असते. कामगारांच्या आपसातल्या शब्दाचीही गोष्ट सांगितली पाहिजे.

साळखात्यात धोट्यातली कांडी संपली की नवी घालायची आणि सुताचे टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यायचे. जुन्या जाणत्यांनी हे हजारदा केले आहे. तोच धोटा आज एकाच्या तोंडाला, उद्या दुसऱ्याच्या.

विलायतेत लँकेशायरच्या गिरण्यांतही हेच चाले. तिथे त्याला 'धोट्याचे चुंबन' म्हणत. त्याविरुद्ध तक्रार उठली तेव्हा तिच्यातला शब्द होता 'रोग'. एकाच्या तोंडचा रोग दुसऱ्याला लागतो, तर हाताने सूत ओवता येईल असा धोटा द्या. बोट यंत्राकडे गेले आणि मागणी मालकाकडे गेली. वेळ लागला, पण १९५२ साली तिथे असल्या धोट्यांविरुद्ध नियम झाला.

आमच्या मुंबईत त्याच धोट्याला कोणता शब्द चिकटला? 'विटाळ'. सवर्ण विणकरांनी म्हटले, अस्पृश्याच्या तोंडचा धोटा आम्ही तोंडाला लावणार नाही. बोट यंत्राकडे गेलेच नाही, ते शेजारच्या कामगाराकडे गेले. साळखात्यात पगार अधिक, आणि तेच खाते दलित कामगाराला बंद. १९२८ च्या मोठ्या संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न पुढाऱ्यांपुढे उभा केला: कामगारांची एकजूट म्हणता, तर साळखात्याचे दार आमच्यासाठी का बंद?

विचार करा. लाकडाचा धोटा तोच, थुंकी तीच. 'रोग' म्हटले तर सगळे कामगार एका बाजूला आणि वाईट धोटा दुसऱ्या बाजूला. 'विटाळ' म्हटले तर कामगारांचेच दोन तुकडे, आणि मालकाला नवा धोटा घ्यायचाही खर्च नाही! ज्यांनी तो शब्द उच्चारला त्यांनाही वाटत होते की आपण मालकाचे नव्हे, आपल्या धर्माचे बोलत आहोत. म्हणून शब्दाची परीक्षा करताना तो कोणाच्या तोंडचा आहे एवढेच बघून भागत नाही. तो बोट कोणाकडे वळवतो हे बघावे.

हात, की कामगार?

इंग्रज गिरणीवाला कामगारांची गणती करी ती 'हँड्स' म्हणून. इतके हात कामावर. डोके नाही, पोट नाही, बायकामुले नाहीत, नुसते हात! मराठी कामगारांचे पहिले पुढारी, 'दीनबंधू' पत्राचे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी कामगारांची संस्था काढली, तिच्याही इंग्रजी नावात तो 'हँड्स' शब्द होता, कारण त्या काळी तोच चालू होता. पण त्यांनी मागितले काय? आठवड्याची सुट्टी! हाताला सुट्टी लागत नाही, सुट्टी लागते ती माणसाला. १० जून १८९० ला मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली, तेव्हा हातांमागे माणूस आहे हे पहिल्यांदा त्यांना कबूल करावे लागले.

आणि १९२८ च्या संपात गिरणी कामगार युनियन उभी राहिली, तेव्हा तिच्या नावात कोणता शब्द होता? 'कामगार'. यातला 'गार' आला फारसीतून. त्याचा अर्थ करणारा. काम करणारा तो कामगार. बघा, नोटिशीतून पळालेला कर्ता इथे आपल्या नावातच येऊन बसला आहे!

'संप' शब्दही तसाच. इंग्रजीत त्याला म्हणतात तडाखा. हिंदीत म्हणतात हडताल, म्हणजे दुकानाला टाळे. आणि 'संप'? आपल्या शेजारच्या खात्यातल्या गुजराती बंधूला विचारा. त्याच्या भाषेत संप म्हणजे एकी, मेळ. मराठीत हा शब्द काम थांबवण्याला लागला, कारण एकी झाल्याखेरीज काम थांबत नाही. एकी नसेल तर तो नुसता खाडा, आणि खाड्याचा पगार कापतात.

आजचे गोड शब्द

गिरण्यांची धुराडी विझली, पण शब्दांची गिरणी तीन पाळ्यांत चालू आहे. आपला नातू मोटारसायकलवर पाठीला पेटी बांधून घरोघर जेवण पोचवतो. त्याला कंपनी म्हणते 'पार्टनर', म्हणजे भागीदार! नफ्यात भाग नाही, पेट्रोल स्वतःचे. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. 'नोकर' म्हटले असते तर नोकराचा कायदा लागला असता. 'भागीदार' म्हटले की मालकच दिसेनासा होतो. आपली सून अंगणवाडीत नाही तर आशा म्हणून काम करते. तिला वेतन नाही, 'मानधन' मिळते. मान मोठा दिला की धन थोडे दिले तरी चालते, अशी त्यातली खुबी. आणि वेतन नव्हे म्हटल्यावर वेतनाचे नियम मागायचे कसे?

आणि आपल्या हक्काच्या घराचे काय? दीड लाखाहून अधिक कामगारांनी आणि वारसांनी अर्ज भरले. २०१२ पासून सोडती निघाल्या. आता चाळीत लोक एकमेकांना विचारतात, "काय हो, घर लागलं का?" लागलं का! जशी लॉटरी लागते तसे. ज्या जमिनीवर बापाने घाम गाळला, तिच्यातला वाटा आता नशिबाने 'लागतो'. न लागलेला माणूस सरकारला नव्हे, कपाळाला दोष देतो. विचारायचेच असेल तर असे विचारा: "घर दिलं का?" मग पुढचे आपोआप येईल. कोणी नाही दिले?

मराठी हवी, ती आपली हवी

१ मे १९६० ला हे राज्य झाले, कामगार दिनाच्याच दिवशी. त्याआधी गिरणगावाने रस्त्यावर येऊन किती सोसले हे हुतात्मा चौक सांगतो. मराठीचे राज्य कशासाठी मागितले होते? कारभार लोकांना कळावा, कामगाराच्या नशिबाचा कागद कामगाराला स्वतः वाचता यावा, यासाठी. कारखान्यातली नोटीस बहुसंख्य कामगारांना समजेल त्या भाषेत लावावी, असे १९४८ च्या कायद्यातही लिहिले होते. पण 'समजेल त्या भाषेत' म्हणजे नुसते देवनागरी अक्षरात नव्हे. "कमी करण्यात येत आहे" हे शुद्ध मराठी आहे, आणि तरी त्यात माणूस सापडत नाही. इंग्रजी कागदाने आपल्याला दाराबाहेर ठेवले. असला मराठी कागद आपल्याला आत घेतो आणि अंधारात बसवतो. लढा पहिल्यापुरता नव्हता.

म्हणून बंधूंनो आणि भगिनींनो, आमचे मागणे मोठे नाही. मुंबईचे जुने गिरणीवाले असा, सोलापूरचे असा, इचलकरंजी, भिवंडी, मालेगावच्या यंत्रमागावरचे असा, कागद हाती आला की तीन गोष्टी विचारा. एक, यात करणारा कोण आहे, आणि नसेल तर कोणी लपवला? दोन, हा शब्द मला हक्क देतो, की मेहेरबानी? तीन, या शब्दाने माझे बोट कोणाकडे वळते: चुकीच्या कारभाराकडे, की माझ्या शेजाऱ्याकडे? उत्तर मिळेपर्यंत सही करू नका. युनियनच्या सभेचा वृत्तांत लिहाल तेव्हा कर्त्यासकट लिहा. आपली चूक असेल तर तीही कर्त्यासकटच लिहा. जो नियम दुसऱ्याला लावायचा तो आपल्यालाही लागला पाहिजे.

शब्द बदलला म्हणून भाकरी मोठी होत नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. त्यासाठी माणसे एकत्र यावी लागतात. पण माणसे एकत्र येतात तीही कोणत्या तरी शब्दाभोवती. 'पडली' या शब्दाभोवती फार तर सुतकाला लोक जमतील. 'पाडली' म्हणाल तर हिशोब मागायला जमतील.

घरी जाल तेव्हा नातवाला जवळ घ्या, पाटी द्या आणि 'पडली' लिहायला सांगा. मग त्याचे बोट धरून 'प'च्या पुढे एक उभी रेघ ओढा. तो विचारील, "आजोबा, कोणी पाडली?" पोराने एवढे विचारले की त्याला सगळे सांगा. आपले कोणते आणि त्यांचे कोणते, काही गाळू नका.

जय महाराष्ट्र! कामगार एकजुटीचा विजय असो!